उत्पादक कंपनीचे संकेतस्थळ : कोणाला किती अधिकार द्यावेत?

कंपनी कायद्यातील २००२ च्या दुरुस्तीमुळे शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढता येऊ लागली. अशा अनेक कंपन्या आता फवारणीचा सल्ला, बाजारभाव आणि सभेची माहिती देण्यासाठी स्वतःचे संकेतस्थळ चालवितात. गोदामाची किल्ली कोणाकडे राहील हे आपण ठरवूनच देतो. संकेतस्थळाच्या बाबतीत मात्र हा विचार सहसा होत नाही. तो कसा करावा हे द्राक्ष बागायतदारांच्या ३०० सभासदांच्या एका कंपनीचे उदाहरण धरून पाहू.

हा विचार का करावा?

समजा, केवडा रोगावरील सल्ल्यात एका लिटरला ०.५ मिलीऐवजी ५ मिली असे छापले गेले. टिंब गळाल्याने मात्रा दहापट झाली. ती वाचून कोणी फवारणी केली तर कोवळी पाने व घड करपण्याचा आणि मालात औषधाचा अंश राहण्याचा धोका असतो. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाचे अंश आढळल्याने युरोपात आपली द्राक्षे अडली व निर्यातदारांसह बागायतदारांनाही मोठा फटका बसला. म्हणून सल्ला जाणकाराच्या नजरेखालून गेल्याशिवाय प्रसिद्ध होता कामा नये. तसेच एखाद्या खरेदीदाराशी चाललेली भावाची बोलणी दुसऱ्या खरेदीदाराला दिसली तर नुकसान सर्व सभासदांचे होते.

आधी कागदावर मांडणी करावी

येथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कोणी काय वाचावे हा पहिला प्रश्न, तर कोणी काय लिहावे व बदलावे हा दुसरा. बहुतेक गोंधळ या दोन्ही एकत्र केल्याने होतो. वाचनाचे साधारण चार स्तर पुरेसे होतात.

१) सर्वांसाठी खुले : कंपनीची ओळख, विक्रीस असलेला माल, हवामानानुसार सर्वसाधारण सल्ला.
२) नोंदणी केलेले शेतकरी : छाटणीपासूनचे वेळापत्रक, प्रशिक्षणाच्या तारखा.
३) भागधारक सभासद : निविष्ठांचे सभासद दर, माल संकलनाचे वेळापत्रक, सभेचे कागद.
४) संचालक मंडळ : भावाची बोलणी, बैठकीची टिपणे.

स्तर वाढवीत नेण्याचा मोह टाळावा. सात-आठ स्तर केले की कोणाला काय दिसते हे चालविणाऱ्यालाही सांगता येत नाही. शिवाय सर्व सभासद व्यक्ती असलेल्या उत्पादक कंपनीत भाग कितीही असले तरी प्रत्येकाला एकच मत असते. म्हणून जादा वर्गणी भरणाऱ्यालाच सभेचे कागद दिसतील अशी रचना करू नये. संकेतस्थळावर सूचना टाकली म्हणून सभेची रीतसर लेखी नोटीसही टळत नाही.

लिहिण्याचे अधिकार

२००३ साली आलेली वर्डप्रेस ही प्रणाली बरीच वापरली जाते. संगणकाची भाषा न शिकता तिच्यात मजकूर टाकता येतो. तिच्यात पाच भूमिका मुळातच असतात.

• सबस्क्रायबर : वाचणे व स्वतःची माहिती बदलणे एवढेच. सर्व सभासदांना हीच भूमिका द्यावी.
• कॉन्ट्रिब्युटर : स्वतःचा मजकूर लिहून तपासणीसाठी ठेवता येतो, प्रसिद्ध करता येत नाही. क्षेत्र सहायकांसाठी ही भूमिका योग्य.
• ऑथर : स्वतःचा मजकूर स्वतः प्रसिद्ध करता येतो व छायाचित्रे चढविता येतात. रोजचे भाव टाकणाऱ्या कर्मचाऱ्यास द्यावी.
• एडिटर : सर्वांचा मजकूर तपासणे, दुरुस्त करणे व प्रसिद्ध करणे. ही भूमिका कंपनीच्या कृषी पदवीधराकडे असावी.
• अॅडमिनिस्ट्रेटर : सर्व अधिकार. नवे सभासद घेणे, काढणे, प्रणालीची रचना बदलणे.

आपल्या उदाहरणात क्षेत्र सहायक केवड्याचा सल्ला लिहील, कृषी पदवीधर औषध, मात्रा आणि काढणीपूर्व प्रतीक्षा काळ तपासेल व मगच तो सभासदांना दिसेल. दहापटीची चूक येथेच पकडली जाते.

प्रत्यक्ष कृती

१) सेटिंग्जमधील जनरल या पानावर कोणीही नोंदणी करू शकेल अशी खूण असते. ती चालू केल्यास नवीन माणसाची भूमिका सबस्क्रायबर हीच ठेवावी. खोट्या नोंदी येऊ लागल्यास ती बंद करून कार्यालयातूनच नावे घालावीत.

२) वर्डप्रेसच्या पाच भूमिकांतून वाचनाचे वरील चार स्तर तयार होत नाहीत. खाजगी म्हणून ठेवलेले पान फक्त एडिटर व अॅडमिनिस्ट्रेटर यांनाच दिसते, साध्या सभासदाला नाही. त्यासाठी सभासदत्वाचे पूरक साधन, म्हणजे प्लगइन, बसवावे लागते. जूमला या प्रणालीत वाचनाचे स्तर मुळातच असतात.

३) भागधारकाचा स्तर देताना अर्जातील सभासद क्रमांक कंपनीच्या सभासद नोंदवहीशी ताडून पाहावा. वार्षिक वर्गणी असल्यास मुदत संपल्याची तारीखही घालावी.

४) प्रत्येक स्तराचे एक चाचणी खाते उघडावे. त्या खात्याने प्रवेश करून काय दिसते व काय दिसत नाही हे स्वतः पाहावे. एकदा प्रवेश न करताही पाहावे. खात्री झाल्यावरच सभासदांना कळवावे.

नेहमी होणाऱ्या चुका

पान बंद, पण कागद उघडा : पानावर कुलूप असले तरी त्यावर जोडलेली पीडीएफ किंवा छायाचित्र थेट पत्ता माहीत असणाऱ्याला उघडता येऊ शकते. फाइलींनाही संरक्षण देणारे साधन आहे का, हे बसविणाऱ्यास विचारावे. सभासदांचे आधार व बँक खाते क्रमांक संकेतस्थळावर ठेवूच नयेत.

एकच परवलीचा शब्द सर्वांना : कार्यालयात एकाच नावाने पाचजण काम करतात. मग चूक कोणी केली हे कळत नाही. प्रत्येकाचे खाते स्वतंत्र असावे.

अॅडमिनिस्ट्रेटर फार : दोन पुरेत, एक व्यवस्थापक व एक संचालक. दोघांनी परवलीच्या शब्दाबरोबर मोबाइलवरील संकेतांकाची दुसरी तपासणीही लावून घ्यावी.

सोडून गेलेल्याचे खाते तसेच : नोकरी सोडणाऱ्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे. वर्डप्रेसमध्ये खाते काढताना त्याने लिहिलेला मजकूरही काढायचा की दुसऱ्याच्या नावे करायचा असे विचारले जाते. येथे घाई केल्यास दोन हंगामांचे सल्ले एका क्षणात जातील. मजकूर दुसऱ्याच्या नावे करणेच योग्य.

किल्ली परक्याच्या हाती : संकेतस्थळ तयार करून देणारा नाव स्वतःच्या नावे नोंदवितो आणि पुढे वाद झाला की कंपनीला स्वतःच्याच संकेतस्थळात शिरता येत नाही. संकेतस्थळाचे नाव व जागा कंपनीच्या नावे, कंपनीच्या ई-मेलवर नोंदवून घ्यावी. करारात तसे लिहून घ्यावे आणि नूतनीकरणाची तारीख कार्यालयाच्या दिनदर्शिकेत टिपून ठेवावी.

वर्षातून दोनदा तपासणी

एप्रिल छाटणीपूर्वी व ऑक्टोबर छाटणीपूर्वी आपण औजारे तपासतो, त्याच वेळी संकेतस्थळाच्या खात्यांची यादीही संचालकांनी डोळ्याखालून घालावी. कोण आले, कोण गेले, कोणाकडे गरजेपेक्षा जास्त अधिकार आहेत हे पाहावे व त्याची नोंद बैठकीच्या इतिवृत्तात करावी. ज्याला कामासाठी जेवढे लागते तेवढेच द्यावे व गरज संपली की परत घ्यावे. एवढी शिस्त पाळल्यास सभासदाला तेथे छापलेल्या मात्रेवर व भावावर निर्धास्तपणे विसंबता येईल.