मिश्री, तोंडातला चट्टा आणि विमा

प्रश्न : आई (वय ५८) वीस वर्षं मिश्री लावते. आम्हाला कॅन्सरची धास्ती वाटते. आता विमा काढून उपयोग होईल का?

उत्तर : मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, दात घासण्याच्या नावाखाली घराघरात शिरलेला. आधी ती सोडवा. हिरडीवर किंवा गालाच्या आत पांढरा-लाल चट्टा असेल, जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तर लगेच दंतवैद्य गाठा. विमा जरूर काढा, पण अर्जात मिश्री लिहा. लपवलंत, तर ऐन दाव्याच्या वेळी अडाल. आधीपासूनच्या आजारासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, त्यामुळे निदानानंतर धावाधाव करून फारसं हाती लागत नाही. शिवाय साधा आरोग्यविमा इस्पितळाचं बिल भागवतो. शहरातल्या खेपा, खोलीभाडं, बुडालेला रोज तुमच्याच खिशातून. त्यासाठी एकरकमी पैसे देणारी गंभीर आजारांची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते.