टाकी निम्म्यावर आली की

आमचा ट्रॅक्टर म्हणजे एचएमटी २५११. दोन सिलिंडर, २५ एचपी. "अजून हे घरात ठेवलंयसा?" असं विचारणाऱ्यांना मी उत्तर देणं सोडून दिलंय. पण दोन सिलिंडरांतल्या एकानं दांडी मारली की निम्मं इंजिन गेलं, हे मात्र खरं.

२०२१ च्या जुलैत शिरोळ तालुक्यात पंचगंगेचं पाणी शिरलं, तेव्हा ट्रॅक्टर हायवेला नेऊन लावला होता. त्याला पाणी लागलं नाही. जानेवारीत उसाच्या सुरू लागणीसाठी सरी सोडायला घेतली आणि इंजिन मिसिंग करायला लागलं. रेस वर-खाली, मधेच पांढरा धूर, लोड आला की गप्प. टाकी भरली की तासभर बरं चालायचं आणि निम्म्यावर आली की परत फडफड.

नेमकं हेच मी मेस्त्रीला पहिल्या दिवशी सांगितलं, दोनदा सांगितलं. त्यानं ऐकलंच नाही. "मालक, पुरात पंप भिजलाय" म्हणाला. अरे, ट्रॅक्टर हायवेला होता! तरी पंप उतरला, कॅलिब्रेशन झालं, दोन्ही एलिमेंट आणि नोझल नवे पडले. साडेअठरा हजार रुपये आणि नऊ दिवस गेले. शेजाऱ्यांच्या सऱ्या सुटल्या, आम्ही बांधावर बसून बघतोय. ट्रॅक्टर घरी आला, भरल्या टाकीवर झकास चालला. मेस्त्री पैसे मोजून गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच! फोन केला तर म्हणतो, "आता हेड खोलावं लागंल."

शेवटी उद्यमनगरात लेथवर उभी हयात घालवलेले आमच्या भावकीतले एक अण्णा आले. त्यांनी पंपाला हातही लावला नाही. फीड पंप आणि फिल्टर यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक प्लॅस्टिकचा पाईप जोडला आणि म्हणाले, "चालू कर." त्या पाईपातून डिझेलबरोबर बुडबुड्यांची माळच निघाली होती. मी बघतच राहिलो. साडेअठरा हजार डोळ्यांपुढनं बुडबुड्यासारखे गेले.

टाकीच्या तळाची जाळी गाळानं बुजलेली होती आणि तिथून फीड पंपाकडे येणारा रबरी पाईप कडक होऊन चिरलेला. जाळीतून डिझेल येईना म्हणून पंप जोरानं ओढायचा आणि चिरेतून हवा घ्यायचा. टाकी भरलेली असली की वरच्या डिझेलच्या दाबानं भागायचं. त्या चिरेतून थेंब कधी पडला नाही, नुसती धूळ चिकटून काळी झालेली. गाळ आला कुठनं, तर पुरात गोठ्यात राहिलेल्या कॅनमधलं डिझेल मी न गाळता ओतलेलं. तेवढी चूक माझी. पण एवढंच खोलून बघायला मेस्त्रीला अर्धा तास लागला असता.

तेव्हा सांगतो. डिझेल इंजिन मिसिंग करायला लागलं की पंपाला हात लावायच्या आधी टाकी ते फिल्टर बघा: जाळी, पाईप, क्लिपा, तांब्याचे वायसर. टाकीच्या झाकणाचं भोकही बघा, ते बुजलं तरी इंजिन असंच उपाशी मरतं. मग हवा काढा. फिल्टरचा स्क्रू सैल करायचा आणि बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारायचा. कुठला सिलिंडर मेलाय ते कळायला मंद रेसवर एकेका नोझलच्या पाईपाचं नट किंचित सैल करतात. ज्याच्यानं आवाज बदलत नाही, तो मेलेला. पण तिथं बोट नेऊ नका, त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं. भाचा मोबाईलवर अमेरिकेतले पेट्रोल ट्रॅक्टर बघून "प्लग बदला मामा" म्हणत होता. आपल्या इंजिनाला प्लग कुठला, बाबा?

सर्व्हिसिंग वेळेवर करा, चांगलं डिझेल भरा, हे तर सगळेच सांगतात. मी म्हणतो, पंप उतरवायच्या आधी खर्च कागदावर लिहून घ्या आणि काढलेला भाग परत मागा.

पाईप १४० रुपयांना आला. माझे जुने एलिमेंट मेस्त्रीकडून अजून आलेले नाहीत.