मोटर सगळ्यात शेवटी

चि. बंड्यास,


अण्णांची मारुती ८०० तू चालवायला घेतलीस, बरं केलंस. वायपर रखडत फिरतात आणि मेकॅनिक म्हणतो मोटर गेली, असं फोनवर म्हणालास. घाईने पैसे देऊ नकोस. मोटर जातच नाही असं नाही, पण या सगळ्या जुळणीत तीच सर्वांत महाग, आणि दोष बहुतेक वेळा तिच्या बाहेर असतो. म्हणून तपासणी काचेकडून आत न्यायची.

काच आधी साबणाच्या पाण्याने स्वच्छ धू. धूर, तेल आणि पॉलिश यांचा थर बसला की नवं ब्लेडसुद्धा रेघा ओढतं आणि थरथरतं. मग रबराच्या कडेवरून बोट फिरव. वर्षभर उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचं रबर कडक होतं, चिरतं. ते बदलायला फारसा खर्च नाही. मात्र ब्लेड काढलंस की काचेवर जाड टॉवेल अंथर. आर्मची स्प्रिंग जोरदार असते. उघडा लोखंडी आर्म निसटून आपटला, तर वायपरऐवजी काच बदलायची वेळ येईल. आणि कोरड्या काचेवर वायपर कधी चालवून बघू नकोस.

एक वायपर फिरतो आणि दुसरा जागेवरच, असं झालं तर मोटरकडे बघूसुद्धा नकोस. आर्मच्या बुडाची टोपी काढ, आतला नट सैल झालेला सापडेल. आवळून भागलं तर ठीक. आर्मच्या भोकातले दाते झिजून गुळगुळीत झाले असतील, तर आर्मच नवा लागेल. काढण्याआधी वायपर खाली आपल्या जागी येऊन थांबू दे आणि ब्लेड जिथे टेकतं तिथे काचेवर चिकटपट्टी लाव. बसवताना तिथेच बसव, नाहीतर ब्लेड बॉनेटवर किंवा खांबावर आपटत राहील.

आता तुझं खरं दुखणं, रखडण्याचं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ. मोटरपासून वायपरपर्यंत फिरकी नेणाऱ्या दांड्यांच्या चालू लिंकेजमध्ये बोट सापडलं तर मोटर दया करत नाही. मोटरच्या क्रँकपासून लिंकेजची दांडी सोडव आणि आर्म हाताने हलवून बघ. जड लागले तर स्पिंडल सुकलेत, गंजलेत. आर्मच्या बुडाशी पाणी आणि माती मुरते, वंगण धुऊन जातं आणि बिचारी मोटर सगळा भार ओढत बसते. गंज सोडवणारं तेल सोड, रात्रभर मुरू दे, हलवून मोकळं कर, मग ग्रीस लाव. जुन्या गाड्यांत मला हाच दोष सर्वाधिक दिसला आहे. दांडीच्या टोकाचे प्लॅस्टिकचे बुशही बघ. ते झिजले की खडखड होते, आणि एखादा निसटला तर मोटर गुरगुरते, पण वायपर हलत नाहीत.

आर्म हलके फिरत असतील, तर अर्थिंग तपास. दांडी आणि बॅटरी परत जोड, ओल्या काचेवर वायपर चालू कर आणि मोटरच्या धातूच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्हला एक वायर लाव. वेग वाढला, तर अर्थचा स्क्रू काढून खालचा गंज पॉलिश पेपरने घास. संपलं काम. इतकं करूनही मोटर मंदच राहिली, तरच मेकॅनिकचं म्हणणं मान. फ्यूज उडत असेल तर जेवढ्या ॲम्पिअरचा होता तेवढाच घाल; तार गुंडाळून वेळ मारून नेणारे भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. बटण बंद केल्यावर वायपर काचेच्या मधेच थांबत असतील, तर तो मोटरलगतच्या पार्किंग स्विचचा दोष. गैरसोयीचा आहे, पण त्यावाचून अडत नाही.

बंद वायपरवर काचेला तंबाखू चोळण्याचा उपाय जुने ट्रकवाले करत. पाणी थोडा वेळ पसरून वाहतं, एवढंच. ताम्हिणीच्या पावसात त्यावर भिस्त ठेवू नकोस. घाटात वायपर थांबलेच, तर दिवे लावून, रस्ता सोडून गाडी उभी कर. खिडकीतून डोकं बाहेर काढून चालवणं नको.

मृगाआधी एका रविवारी हे सगळं उरकून घे. आणि मेकॅनिकने मोटर उघडलीच, तर समोर उभा राहून बघ.

तुझा,
मामा