ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स उन्हाळ्यात का जळतो?

मलकापूर, नांदुरा, खामगाव या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. त्या दिवसांत आपल्या गॅरेजवाल्या बंधूंकडे रेडिएटर, एसी आणि बॅटरीची कामे वाढतात. गेल्या काही वर्षांत त्यात एका नव्या कामाची भर पडली आहे. क्लचचे पेडल नसलेल्या, म्हणजे ऑटोमॅटिक गाड्या नव्या-जुन्या बाजारातून आता तालुक्याच्या गावांपर्यंत आल्या आहेत. गाडी चढावर ओढत नाही, गिअर बदलताना धक्का देते, इंजिन रेस होते पण गाडी पुढे सरकत नाही, अशी तक्रार घेऊन मालक येतो. अशा वेळी "हे शोरूमचे काम" म्हणून गिऱ्हाईक परत पाठविणे आणि हाती लागेल ते ऑइल भरून देणे, दोन्हीत तोटा कारागिराचाच आहे. बिघडलेल्या गिअरबॉक्सचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. तो दोष आपल्या दुकानावर यायला नको.

आधी गिअरबॉक्सची जात ओळखावी. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर आलेली एएमटी हा मुळात साधाच गिअरबॉक्स आहे. क्लच प्लेट नेहमीसारखी कोरडी, फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम यंत्र करते. त्यात एटीएफ भरत नाहीत. टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी आणि दोन क्लचची डीसीटी ही घराणी वेगळी. येथे आपण मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरविषयी बोलत आहोत.

दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो, पण थोडा मागे राहून. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी ऑइल असते. इंजिनाकडील पंखा ऑइल फेकतो, गिअरबॉक्सकडील पंखा त्याने फिरतो. दोघांच्या वेगात जो फरक राहतो, तेवढी ताकद ऑइल घुसळण्यात जाते आणि तिची उष्णता होते. सपाट रस्त्यावर ठरावीक वेगाला आतला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू जोडून टाकतो, घसरण थांबते आणि ऑइल थंड राहते.

आता बुलढाण्याचा रस्ता पाहा. शहर अजिंठ्याच्या डोंगरावर आहे. मलकापूर-मोताळ्याकडून या किंवा खामगावहून बोथ्यामार्गे या, घाट चढावाच लागतो. लग्नाची सात माणसे, टपावर सामान, एसी चालू आणि पुढे उसाची ट्रॉली. गाडी रांगत चढते, लॉक-अप जुळत नाही, घसरण सतत चालू राहते. वेग कमी म्हणून रेडिएटरला वाराही कमी, आणि जो मिळतो तो भट्टीसारखा. मैदानी पट्ट्यात निमूट चालणारी गाडी घाटातच का रुसते, याचे उत्तर यात आहे.

हेच ऑइल ताकद पोचविते, दाबाने प्लेटा आवळते, वंगण देते आणि उष्णताही वाहून नेते. ते फार तापले की पातळ होते, दाब पडतो, प्लेटा घसरतात आणि त्या घसरणीने ते आणखी तापते. ऑइल ८० ते ९५ अंशांत असेल तर चिंता नाही. गॅरेजच्या धंद्यात जुना ठोकताळा असा, की ८० अंशांच्या वर दर ११ अंशांना ऑइलचे आयुष्य निम्मे होते. म्हणजे ८० अंशांवर दीड लाख किलोमीटर टिकणारे ऑइल ११३ अंशांवर वीस हजारांच्या आसपासच संपते. नवी सिंथेटिक ऑइले जास्त सोसतात, पण दिशा तीच. सुमारे १२० अंशांपुढे आत वार्निशसारखा थर धरू लागतो, त्यावर रबरी सील कडक होतात आणि मग प्लेटा जळतात.

बहुतेक गाड्यांत या ऑइलचा कूलर रेडिएटरच्याच टाकीत असतो. तेव्हा गिअरबॉक्सच्या तक्रारीतही आधी रेडिएटर पाहावा. खामगावसारख्या कापसाच्या बाजारपेठेत सरकी-रुईचे तंतू आणि धूळ जाळीत बसून वारा अडवितात. इंजिनाच्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने धुवावे. जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात. कूलर आतून फुटला तर कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरते आणि ऑइल गुलाबी दुधासारखे दिसते. तशी गाडी एक किलोमीटरही चालवू नये, कूलंटने प्लेटांचे अस्तर सुटते.

चांगले ऑइल बहुधा लालसर आणि पारदर्शक असते. काही कंपन्यांचा रंग वेगळा असतो. काळे पडले, जळका वास आला, बोटाला कण लागले, तर ते शिजले आहे. नव्या गाड्यांत डिपस्टिक नसते. ऑइल ठरावीक तापमानाला, इंजिन चालू ठेवून, सपाट जागेवर बोल्टमधून तपासावे लागते. ते तापमान मॅन्युअलमध्ये असते. तळाचा बोल्ट उघडला की निम्मे किंवा त्याहून कमीच ऑइल निघते, उरलेले कन्व्हर्टरमध्ये राहते. डब्यावर एटीएफ लिहिले म्हणजे सगळे एकच, असेही नाही. टोयोटाचे डब्ल्यूएस वेगळे, सीव्हीटीचे अगदीच वेगळे. नाव जुळल्याशिवाय झाकण उघडू नका.

एक बाब क्रेन आणि टोचनवाल्या बंधूंसाठी. समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाल्यापासून सिंदखेडराजा-मेहकरकडे बंद पडलेल्या गाड्या ओढण्याचे काम वाढण्यासारखे आहे. ऑटोमॅटिकचा ऑइल पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असता फिरती चाके जमिनीवर ठेवून दोरीने ओढली, तर आतले भाग कोरडे फिरतात आणि थंड हवेतही गिअरबॉक्स जळतो. ताकद घेणारी चाके उचलावी, चारही चाकांची गाडी असेल तर सपाट ट्रकवरच न्यावी. ढकलून चालू करण्याचाही प्रयत्न करू नये.

घाटात चालकाने मॅन्युअल किंवा 'एल' मध्ये खालचा गिअर धरावा. चढावर थांबताना गाडी ॲक्सिलरेटरवर तोलू नये, ब्रेक दाबावा. एएमटीत या सवयीने कोरडी प्लेट थेट जळते. जुनी ऑटोमॅटिक विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यांनी ती थंड असताना न पाहता घाट चढवून, चांगली तापवून पाहावी. दोष तेव्हा उघडा पडतो. मालक गाडी घेऊन गेला की बिलावर ऑइलचे नाव, लिटर आणि मीटरचे किलोमीटर लिहून द्या, म्हणजे पुढच्या मिस्त्रीलाही कळेल आत काय भरले आहे.