कफ पातळ करणारी औषधे

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले असून तेथील सौम्य हवेची ख्याती जुनी आहे. तथापि, तेथील एका रुग्णालयात झालेल्या पाहणीत मुलांमधील दम्याचे प्रमाण १९७९ साली शेकडा ९ होते, ते १९९९ साली शेकडा २९.५ आढळले. अशा मुलास खोकला लागला, की घरची माणसे प्रथम औषधाची बाटली शोधतात. ते औषध नेमके काय करते, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

श्वासनलिकेच्या आतील अस्तरावर श्लेष्म्याचा पातळ थर असतो. त्यात बहुतांश पाणी व थोडी म्युसिन नावाची प्रथिने असतात. हवेतील धूळ, परागकण व जंतू या थरास चिकटतात आणि अस्तरावरील सूक्ष्म रोम तो थर घशाकडे ढकलतात. म्हणजे श्लेष्मा हा मुळात फुप्फुसांचा रक्षकच होय. विकारात मात्र तो वाढतो व घट्ट होतो. हाच कफ. तो पुढे सरकविणे रोमांना कठीण जाते.

हा घट्टपणा दोन प्रकारे कमी करता येतो. म्युसिनचे लांब रेणू गंधकाच्या दुव्यांनी परस्परांस जोडलेले असतात. ॲसिटिलसिस्टीन हे औषध ते दुवे तोडते. ब्रोमहेक्झीनमुळे कफातील पाणीदार अंश वाढतो. या दुसऱ्या औषधाचे मूळ आपल्या परिचयाचे आहे. महाराष्ट्रात अडुळसा व कर्नाटकात आडुसोगे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झुडुपातून डेव्हिड हूपर यांनी १८८८ साली वासिसीन हे द्रव्य वेगळे केले. त्याच्या रचनेवरून पुढे ब्रोमहेक्झीन तयार झाले व १९६३ साली ते वापरात आले.

परंतु या औषधांची मर्यादा ओळखली पाहिजे. दम्यात श्वासनलिका सुजतात व आकसतात. कफ पातळ झाल्याने ती सूज उतरत नाही. त्यासाठी वैद्याने सांगितलेली, श्वासावाटे घ्यावयाची औषधेच नियमित घ्यावी लागतात. शिवाय, पातळ झालेला कफ खोकल्यानेच बाहेर पडतो. म्हणून त्याच वेळी खोकला दाबणारे औषध देणे म्हणजे केर लोटून दार बंद करण्यासारखे आहे. दोन वर्षांखालील बालकास कफ खोकून टाकता येत नाही. त्यास ही औषधे आपल्या मनाने देऊ नयेत. धाप लागली, बरगड्यांमधील भाग आत ओढला जाऊ लागला किंवा ओठ निळसर दिसले, तर बाटली बाजूस ठेवून मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे.