गाजरगवताची खाज दोन दिवसांनी का सुटते?

बांधावरचे गाजरगवत सोमवारी उपटले, तेव्हा हाताला काहीही झाले नाही. बुधवारी सकाळी मात्र पापण्या सुजलेल्या, मानेवर लाल चट्टे आणि कोपराच्या खाचेत असह्य खाज. अशा वेळी शेतकरी मंगळवारी फवारलेल्या औषधाला, नव्या साबणाला किंवा रात्री खाल्लेल्या वांग्याच्या भाजीला दोष देतो. खऱ्या कारणाकडे त्याचे लक्षच जात नाही, कारण त्या झाडाला हात लावून दोन दिवस उलटलेले असतात. शिवाय त्याच बांधावर, त्याच दिवशी, तेवढेच गवत उपटणारा शेजारी ठणठणीत असतो. मग दोष गवताचा कसा म्हणावा?

या कोड्याचे उत्तर खाजकुइलीशी तुलना केली की सोपे होते. खाजकुइलीच्या शेंगेवरील सोनेरी लव अंगाला लागताच क्षणार्धात आग होते आणि ती लहानथोर, स्त्रीपुरुष, सर्वांनाच होते. त्या लवेत म्युकुनेन नावाचे प्रथिने तोडणारे विकर असते. लव त्वचेत रुतली की हे विकर खाजेची जाणीव देणारे मज्जातंतू थेट चेतवते. येथे शरीराच्या मताला काही वाव नाही. बटण दाबावे आणि दिवा लागावा, तसा हा प्रकार आहे.

गाजरगवताचे काम निराळ्या मार्गाने चालते. त्याच्या पानांवरील व खोडावरील सूक्ष्म केसांत आणि परागकणांतही पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. पार्थेनिनचा रेणू इतका लहान असतो की आपली रोगप्रतिकार यंत्रणा एरवी त्याची दखलही घेतली नसती. परंतु त्याला एक खोड आहे. तो त्वचेतील प्रथिनांना घट्ट चिकटतो. चिकटल्यावर ते प्रथिन पूर्वीचे राहत नाही. घरातल्या माणसाने अनोळखी मुखवटा चढवावा, तसे ते दिसू लागते. त्वचेतील पहारेकरी पेशी हा बदल टिपतात आणि त्याची खबर जवळच्या लसिका ग्रंथीपर्यंत नेतात. तेथे टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी त्या मुखवट्याची ओळख पक्की करून घेतात आणि त्यांची एक तुकडी कायमची तयार होते. या शिकवणीला साधारण दहा दिवस ते दोन आठवडे लागतात. या काळात बाहेर काहीच दिसत नाही.

त्यानंतर पार्थेनिन पुन्हा त्वचेला लागले की ही तुकडी जमू लागते. पेशींना रक्तातून त्वचेपर्यंत पोहोचायला, संख्येने वाढायला आणि दाह निर्माण करायला वेळ लागतो. एक ते तीन दिवसांचा जो उशीर दिसतो, तो या जमवाजमवीचा. सूज, लाली, पाणी सुटणे हे सर्व झाडाने केलेले नसून आपल्याच पेशींनी केलेले असते. म्हणूनच ही अधिहर्षता, म्हणजे अ‍ॅलर्जी आहे, विषबाधा नव्हे.

एवढे ध्यानात आले की बाकीचे प्रश्न आपोआप उलगडतात. ‘दहा वर्षे हेच गवत उपटतो आहे, आताच का?’ कारण टी-पेशींची शिकवणी वारंवार संपर्क झाल्यावर केव्हाही पुरी होऊ शकते. आधीची दहा वर्षे सुखाची गेली ही पुढची हमी नव्हे. ‘शेजाऱ्याला का नाही?’ कारण त्याच्या शरीराने तो मुखवटा अद्याप परका ठरवलेला नाही. एकदा ठरवला की ती स्मृती बहुधा आयुष्यभर पुसली जात नाही.

‘गवताला हातही लावला नाही, तरी तोंडावर का?’ हा प्रश्न स्त्रिया अधिक विचारतात आणि तो रास्त आहे. वाळलेल्या गाजरगवताची पाने व केस चुरा होऊन धुळीबरोबर उडतात. ते उघड्या अंगावर बसतात आणि घामाने ओल्या झालेल्या खाचांत साठतात. पापणीची त्वचा सर्वांत पातळ, म्हणून तेथे पहिली सूज येते. उन्हाने होणाऱ्या त्रासाशी याची गल्लत होते, परंतु उन्हाचे चट्टे हनुवटीखाली, कानामागे आणि पापण्यांवर सहसा येत नाहीत, कारण तेथे सावली असते. वाऱ्याने येणारा चुरा मात्र सावलीतही जाऊन बसतो. जुन्या रुग्णांत पुढे उन्हानेही त्रास वाढतो, तेव्हा निदान अवघड होते आणि त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्टी-चाचणी करून ती दोन व चार दिवसांनी पाहतात. दुकानातून आणलेल्या ‘अ‍ॅलर्जीच्या गोळी’चा या पुरळावर फारसा उपयोग होत नाही, कारण त्या गोळ्या हिस्टामिन या द्रव्याला अडवतात आणि येथे मुख्य काम पेशींचे असते. परागकणांमुळे सुटणाऱ्या शिंकांची गोष्ट वेगळी. त्यात हिस्टामिनच असते, म्हणून शिंका लगेच येतात आणि गोळीने थांबतात. एकच झाड, पण शरीराच्या दोन निराळ्या खात्यांना दोन वेगवेगळ्या वेळी कामाला लावणारे!

या झाडाच्या नावातच एक गफलत आहे. गाजरगवत हे गवत नव्हेच. ते सूर्यफूल, झेंडू आणि शेवंती यांच्या कुळातले. त्यामुळे गाजरगवताने पोळलेल्या काही जणांना शेवंतीचे हारही सोसत नाहीत. मूळ अमेरिका खंडातील ही वनस्पती १९५५ साली पुण्यात उकिरड्यांवर वाढलेली आढळली आणि १९५६ मध्ये आर. एस. राव यांनी तिची नोंद प्रसिद्ध केली. पीएल-४८० करारातील गव्हाबरोबर ती आली, असे सर्रास सांगितले जाते. तो करार मात्र ऑगस्ट १९५६ चा आहे, म्हणजे पुण्यातील झाडे त्याच्या आधीची. अमेरिकी गहू त्यापूर्वीही येत होता, म्हणून गव्हाची शंका उरते. त्या कराराची उरत नाही. मध्य प्रदेशात तिला ‘चटक चांदनी’ म्हणतात. इतके गोड नाव मिळण्याची या झाडाची योग्यता नाही. एक झाड हजारो बिया टाकते, पंधरा ते पंचवीस हजारांपर्यंतही, आणि गाईम्हशींच्या पोटात गेले तर दूधही कडू होते.

जबलपूरला या प्रश्नाचे एक महत्त्वाचे केंद्र आहे. १९८९ मध्ये राष्ट्रीय तणविज्ञान संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेली, आता तण संशोधन संचालनालय म्हणून ओळखली जाणारी भारतीय कृषी संशोधन परिषदेची ही संस्था दरवर्षी ऑगस्टमध्ये गाजरगवत जागृती सप्ताह भरवते. मेक्सिकन भुंगेरा वाढवून ठिकठिकाणी पुरवण्याचे कामही तिने केले आहे. झायगोग्रामा बायकोलोराटा हे त्याचे शास्त्रीय नाव. अंगाने जेमतेम अर्धा सेंटिमीटर, मळकट पांढऱ्या पंखांवर तपकिरी नागमोडी रेषा. १९८३ मध्ये तो मेक्सिकोहून बंगळूरला आणला गेला आणि अनेक पिकांवर त्याची चाचणी घेऊन १९८४ मध्ये शेतात सोडला गेला. त्याची मादी पानाच्या खालच्या बाजूस अंडी घालते, अळ्या शेंड्याची कोवळी पाने फस्त करतात आणि मातीत शिरून कोश करतात. अंड्यापासून प्रौढ भुंगेऱ्यापर्यंत सुमारे महिना लागतो.

ज्या झाडाला गुरे सहसा तोंड लावत नाहीत, त्यावर हा कीटक पिढ्यान्‌पिढ्या पोसला आहे. एकाच वनस्पतीवर जगणारे कीटक आपले अन्न मुखांगांवरील व पायांवरील चव घेणाऱ्या केसांनी ओळखतात. त्या रसायनांची खूण पटली तरच ते खातात. १९९० च्या सुमारास कर्नाटकात हा भुंगेरा सूर्यफुलाची पाने कुरतडताना आढळला, तेव्हा शेतकरी हवालदिल झाले. ते साहजिक होते. मित्र म्हणून आणलेला किडा पिकावर दिसला तर कोण स्वस्थ बसेल? बंगळूरच्या संशोधकांनी शोध घेतला, तेव्हा शेजारच्या गाजरगवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडलेले असल्यास भुंगेरा ती पाने खातो, असे दिसून आले. भुंगेरा फसत होता, तोही आपल्या खाद्याच्याच खुणेने. सूर्यफुलावर त्याची वंशवृद्धी होत नाही. आजही काही जण पिकाच्या भीतीने त्याच्यावर कीटकनाशक मारतात. हा आपल्याच मजुराला हाकलण्याचा प्रकार होय.

मात्र या भुंगेऱ्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. गाजरगवत ओल मिळेल तेव्हा, वर्षभर उगवते. भुंगेरा पावसाळ्यात कामाला असतो आणि थंडी पडू लागली की बहुतांश मातीत शिरून पुढील पावसापर्यंत निद्रा घेतो. सोडल्यानंतर त्याला जागा धरायलाच दोन-तीन वर्षे लागतात. उरलेल्या काळाचे काम माणसालाच करावे लागते. पहिल्या पावसाआधी पडीक जागेत तरोट्याचे, म्हणजे इकडच्या चकौड्याचे बी फेकले, तर दाट उगवून तो गाजरगवताला जागा देत नाही. गाजरगवत उपटायचे ते फुलण्यापूर्वी आणि माती ओली असताना, म्हणजे मूळ निघते आणि चुराही उडत नाही. रबरी हातमोजे व पूर्ण बाह्या वापराव्यात, काम संपताच साबणाने अंग धुवावे, ते कपडे वेगळे धुवावेत. फुलण्यापूर्वीचे झाड खड्ड्यात कुजवून त्याचे चांगले खत होते. वाळलेले ढीग पेटवू नयेत. धुराबरोबर बारीक कण उडतात. ज्याला एकदा पुरळ उठले आहे, त्याने हातमोज्यांच्या भरवशावर या कामाला जाऊच नये, कारण त्याच्यापुरता धोका हवेतूनच येतो. ते काम घरातील दुसऱ्याने करावे.

भुंगेरे सोडायचे असल्यास जुलै-ऑगस्टमध्ये, जेथे ते आधीपासून आहेत तेथून, भोके पाडलेल्या डब्यात गाजरगवताच्या थोड्या पानांसह गोळा करावेत. एका ठिकाणी पाचशे ते हजार प्रौढ भुंगेरे पुरतात. ती जागा त्या हंगामात नांगरू नये आणि तेथे तणनाशकही फवारू नये.