हरवलेल्या पुस्तकाच्या वारसदार

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ साली पुण्यास छापला गेला. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. आदल्या वर्षी सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेस बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली होती. अपिलात ती कमी झाली, पण तेवढ्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर झोड उठली. ताराबाईंनी तिला हे उत्तर दिले. जे दुर्गुण स्त्रीच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय, आणि विधुराने पुन्हा बोहल्यावर चढावे पण विधवेने जन्मभर कोपऱ्यात बसावे हा न्याय कोणता, असे त्यांचे विचारणे. ते विचारताना त्यांनी पुराणांतल्या देवांचीही भीड ठेवली नाही.

बुलढाण्याची ही कथा आदिलाबादच्या स्मरणिकेत कशाला, असे कोणी म्हणेल. वऱ्हाड आणि आपला मुलूख दोन्ही एकेकाळी निजामाचेच; १८५३ साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, एवढेच. शिवाय या पुस्तकाचा पुढचा प्रवास हैदराबादेवरून झाला आहे, तो पुढे येईलच.

पुस्तक निघाल्यावर टीका फार झाली, आणि खेदाची गोष्ट ही की सत्यशोधक मंडळींतूनही झाली. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ साली ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू उघडपणे घेतली. त्यानंतर पुस्तक जवळजवळ नाहीसेच झाले. ताराबाईंचे दुसरे पुस्तक उपलब्ध नाही. १९३३ साली मालतीबाई बेडेकरांनी ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहून महाराष्ट्र हलविला, तेव्हाही पन्नास वर्षांपूर्वी अशीच एक बाई बोलून गेली होती हे सांगणारे पुस्तक बाजारात नव्हते. कोणी मुद्दाम दडपले, असे म्हणण्याचा मोह होतो. मला वाटते, पाचशे प्रती आणि पुन्हा छापण्याची कोणालाच न वाटलेली गरज, एवढ्यानेही पुस्तक मरते.

१९७५ साली डॉ. स. गं. मालशे यांनी ते शोधून पुन्हा प्रसिद्ध केले. ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते. स्त्री-चळवळीतल्या तरुण मुलींना त्र्याण्णव वर्षांपूर्वीची थोरली बहीणच सापडली. पूर्वीच्या पिढ्यांनी जे पुनःपुन्हा पहिल्यापासून मांडले, ते यांना कोणाचा तरी हात धरून मांडता आले. पुढे १९९१ साली हैदराबादच्या सूझी थारू आणि के. ललिता यांनी भारतीय स्त्रियांच्या लेखनाचा मोठा संग्रह इंग्रजीत काढला, त्यात ताराबाई आल्या. अशा रीतीने एका मराठी बाईची ओळख हैदराबादेच्या संपादिकांनी जगाला करून दिली.

याच दोघी ज्या ‘स्त्री शक्ती संघटना’ या मंडळात होत्या, त्या मंडळाने १९८६ साली तेलंगण लढ्यातल्या स्त्रियांच्या तोंडी आठवणी तेलुगूत छापल्या. त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ, ‘आपल्याला ठाऊक नसलेला आपलाच इतिहास’. त्या बायकांनी बंदुका वाहिल्या, निरोप पोचविले, मुले मागे ठेवली. आणि चाळीस वर्षे त्यांना कोणी नीटसे विचारले नव्हते. येथे छापील पान नव्हते, म्हणून मुलींनी आज्यांच्या शेजारी बसून ऐकले. महाराष्ट्रात ज्योती म्हापसेकर यांच्या ‘मुलगी झाली हो’ या १९८३ च्या नाटकाने अक्षरओळख नसलेल्या बायांपर्यंतही हा विचार पोचविला. लक्षात राहण्याच्या वाटा अशा वेगवेगळ्या आहेत.

पैनगंगेच्या अलीकडे, बेला-जैनदकडच्या आपल्या घरांत मराठी आजी आणि तेलुगूत शिकणारी नात एकाच चुलीपाशी बसतात. ताराबाईंचे पुस्तक लहानसेच आहे. १८८२ ची मराठी असल्यामुळे नुसत्या डोळ्यांनी वाचताना मुली अडखळतात. पण तिचे वळण बोलीचे आहे. म्हणून भगिनीमंडळात ते वाचावयाचे झाल्यास एकीने मोठ्याने वाचावे, दोन-तीन पानांवर थांबावे, आणि अडलेला शब्द कोशाआधी आजीला विचारावा.